दगडावरचं पहिलं अक्षर

१

भिंतीत दोन हात लांब आणि हातभर उंच खळगा होता, आणि त्यात जो दगड असायला हवा होता तो नव्हता. एवढं साधं सांगायला प्रोफेसर गद्र्यांनी अर्धा तास घेतला. अलिबाग ते रेवदंडा टांग्याने येताना माझ्या पाठीचा एकूण एक मणका मोजून झाला होता, घसा कोरडा पडला होता, आणि हा गृहस्थ मला विद्यापीठाच्या ठरावांचे क्रमांक ऐकवत होता.

"प्रोफेसर," मी म्हटलं, "दगड काल होता?"

"होता. संध्याकाळी सहापर्यंत होता."

"आज सकाळी नाही?"

"नाही."

"मग ठराव राहू द्या. आधी पाणी मागवा."

मी दत्ताराम गुप्ते. अलिबागच्या कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदारी केली आणि पेन्शन घेतली ती स्वस्थ सुपारी कातरत बसायला. पण ज्याने तीस वर्षं चोरांच्या जबान्या ऐकल्या त्याला चोर वासावरून ओळखता येतात, असं लोकांनी ठरवून टाकलंय. कुणाची म्हैस हरवली, बोलवा गुप्त्यांना. कुणाच्या फणसाला कुणी हात लावला, बोलवा गुप्त्यांना. त्या गुरुवारी गद्र्यांची चिठ्ठी आली तेव्हा पहिला घास तोंडात होता. बायको म्हणाली, "आज त्या औदुंबरातल्या देवाचा वार. पाया पडून जा, यश येईल." दत्त म्हणायची सोय नाही, कारण माझं नाव दत्ताराम! लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ही बाई दत्तजयंतीलासुद्धा 'त्या जयंतीचा प्रसाद' म्हणते. डोक्याला ताप नुसता.

असो. साल १९३२. समुद्रातले मासे, शिंपले, शेवाळ यांचं शास्त्र शिकवायला विद्यापीठाने रेवदंड्याच्या किनाऱ्यावर इमारत बांधली होती. पैसा सिराजुद्दीन शेठचा. शेठचे मालवाहू पडाव मलबारपर्यंत जायचे. दोन वर्षांमागे, कार्तिकातल्या तुफानात, त्यांचा एक पडाव बुडाला. पडावावरचा तांडेल, म्हणजे कप्तान, हरेश्वर नावाचा कोळी. त्याने शेठना आणि दोन खलाशांना होडीत उतरवलं, आणि चौथ्याला जागा नाही म्हणून स्वतः डोलकाठी धरून मागे राहिला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. शेठनी विद्यापीठाला पैसा देताना एकच अट घातली: इमारतीला नाव हरेश्वर तांडेलाचं.

"परवा, शनिवारी, व्हाइस चॅन्सेलर साहेब आगबोटीने उद्घाटनाला येतायत," गद्रे म्हणाले. "त्या दिवशी भिंतीवर ते नाव नसेल तर करार मोडला. शेठ पैसा परत घेऊ शकतात. इमारतीला कुलूप लागेल, आणि तांडेलाचं नावही गेलं ते गेलंच."

मी खळग्याशी वाकलो. पहार घालून दगड उचकटला असता तर कडा फुटल्या असत्या. कडा शाबूत होत्या. चुना बोटाने खरवडला तर भुरभुर खाली पडला. आणि आणखी एक. सगळ्या नव्या भिंतीवर, दगडांच्या सांध्यासांध्यातून लाल मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. दोन माझ्या सदऱ्यात शिरल्या, एक मानेला चावली. त्या खळग्यात मात्र औषधालासुद्धा मुंगी नव्हती.

२

तिथे जे तिघे जमले होते त्यांतला प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायला उतावीळ होता. मी एकेकाला बाजूला घेतलं.

आधी गद्रेच. "खरं सांगायचं तर मला ते नाव पसंत नव्हतं," ते म्हणाले. "विद्येचं मंदिर, आणि त्याला नाव कुणाचं? ज्याने उभ्या जन्मात अक्षर गिरवलं नाही त्याचं! विद्वान लोक हसतील. पण मंगळवारी दगड आला तेव्हा मीच तो मजुरांना वाचून दाखवला. एकेका अक्षराचा अर्थ सांगितला. 'कै. हरेश्वर तांडेल' ही वरची ओळ, 'अध्यापन मंदिर' ही खालची. कै. म्हणजे कैलासवासी, माणूस वारला असेल तर आरंभी लावतात, सगळं समजावलं. लोकशिक्षण हे विद्यापीठाचं कर्तव्यच आहे."

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"शेठनी मजुरांना जेवण दिलं होतं. मी तिथे जेवत नाही. भटजींच्या घरी माझं पान असतं."

दुसरे धर्माशेट पाटील. जमीन यांची. फुकट दिली, आणि बापाचं नाव लागेल म्हणून वर्षभर छाती फुगवून फिरले.

"माझा बा काय कमी व्हता?" ते गरजले. "हजार माणूस जेवला त्याच्या तेराव्याला! जमीन माझी, वाळू माझी, न् नाव त्या खलाशाचं? राग आला, व्हय, आला. पण मी चोरी करीन? अहो, चोरायचीच असती तर मी इमारत चोरली असती!"

"जेवणाला होतात?"

"उशिरा गेलो. मटण संपलं व्हतं." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत जी तळमळ होती ती मी खुनाच्या खटल्यातसुद्धा पाहिली नाही.

तिसरा मुश्ताक, शेठचा पुतण्या. कोट, टोपी, अत्तर, आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले. "चाचाजाननी एवढी मोठी रक्कम दिली ती मला आवडली नाही. खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण त्या तांडेलानं चाचाजानना वाचवलं. त्याच्या नावाला हात लावायचा म्हणजे तौबा! काल मगरीबची नमाज पढायला मी जेवणातून उठलो, ते मशिदीतून थेट घरी गेलो."

तिघेही संध्याकाळी इकडेतिकडे. तिघांनाही कारण. एकाचीही हकीगत मला धड खरी किंवा धड खोटी करता येईना. वैतागून मी मुश्ताककडे दगड ताब्यात घेतल्याची पावती मागितली. त्याने खिशातून काढून दिली. मराठी, सुबक अक्षर, खाली त्याचीच सही. मी ती घडी करून खिशात टाकली.

शेठ तेवढ्यात आले. सत्तरीचा माणूस, पांढरी दाढी, हातात काठी. त्यांनी कुणावर आळ घेतला नाही. खळग्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "गुप्तेसाहेब, त्याची ना कबर आहे, ना चिता. एवढं एक नाव होतं. मी मरायच्या आत ते मला परत आणून द्या."

चिडलेल्या माणसाला कुणी असं बोललं की चिडायची पंचाईत होते. मी काठी उचलली आणि मुंग्यांच्या मागे निघालो.

३

"मुंग्या?" गवंडी भागोजी हसायला लागला. "साहेब, मुंग्या येणारच. चुन्यात गूळ असतो ना! चुना, रेती, गूळ न् हिरड्याचं पाणी, दगडी चाकाच्या घाणीत घालून मळायचं. गुळानं तो धरतो. गूळ नसला तर नुसती माती."

"आणि काल दगड बसवलास तो चुना?"

भागोजीचं हसू मावळलं. "त्यो काय नीट धरत नव्हता. म्हटलं, हवा दमट हाय, उद्यापर्यंत धरंल."

"चुना मळतं कोण?"

"राही. एकटीच हाय घाणीवर. कामाला वाघीण, बोलायला दगड."

घाण म्हणजे आवाराच्या टोकाला झापांच्या छपराखाली गोल दगडी चर, त्यात बैलाने ओढायचं दगडी चाक, आणि बाजूला कळीचा चुना भिजवायचा हौद. भिंतीपासून तिथवर वीस पावलं. सगळ्या आवारात वाळूत पायांचे ठसेच ठसे. पण भिंतीपासून घाणीपर्यंतचा हातभर रुंद पट्टा कुणीतरी खराट्याने स्वच्छ झाडलेला. बांधकामावर इतकी स्वच्छता मी आयुष्यात पाहिली नव्हती.

बैलामागे एक तिशीची बाई होती. कपाळाला ठसठशीत कुंकू. डाव्या हातात हिरवा चुडा, उजवा हात काचेवाचून मोकळा. म्हणजे कोळीण. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या, म्हणजे दर्या नवऱ्याला सांभाळतो, ही त्यांची रीत मला ठाऊक होती.

"गाव कुठलं गं, बाई?"

"श्रीवर्धनाच्या खाली. ती दक्षिणंची काशी हाय न्हवं, तिच्या अंगाला."

"नवरा काय करतो?"

"दर्यावर हाय."

"इथे कधीपासून आहेस?"

"या शाळंचा पाया भरला तवापासून."

"शाळेला नाव कुणाचं आहे ते ठाऊक आहे?"

"ठावं हाय," ती म्हणाली आणि बैलाला हाक दिली. चाक घरघरत फिरू लागलं. संपली जबानी.

मी कपाळाला हात लावून वर पाहिलं, आणि मुंग्या सापडल्या. खांबावरून वर, आड्यावर, आणि आड्यावर गोणपाटात गुंडाळलेली गुळाची ढेप. चांगली शेर-दोन शेरांची, अख्खी. एका घाणीला लागते तेवढी. खायला चोरली असती तर कुणी तिचा तुकडा तरी मोडला असता.

मी हौदाशी गेलो. वर निवळी, खाली लोण्यासारखी पांढरी कळी. काठी खुपसली, सरकवली, पुन्हा खुपसली. तिसऱ्या वेळी काठी ठक्‌ करून थांबली.

मागे घाणीचं चाकही थांबलं होतं.

४

चौघांनी दोर लावून दगड वर काढला. पांढऱ्या चुन्यात पांढरा संगमरवर! बाजूने पंचवीस माणसं सकाळपासून ये-जा करत होती आणि एकालाही दिसला नव्हता. भागोजीने बादलीभर पाणी ओतलं. अक्षरं उघडी पडली, आणि गद्रे किंचाळले.

वरच्या ओळीत 'कै. हरेश्वर तांडे' एवढंच होतं. शेवटचा 'ल' छिन्नीने काढून टाकलेला.

"उजवीकडून!" गद्र्यांना आता एकदम बुद्धी फुटली. "नाव पुसायला उजवीकडून सुरुवात केलीय. उजवीकडून कोण वाचतं? उर्दूवाला! गुप्तेसाहेब, आता आणखी काय पुरावा हवा?"

"मला आदीपासूनच वाटलं व्हतं," धर्माशेट म्हणाले. त्यांना आधीपासून काहीएक वाटलेलं नव्हतं. "बोलवा पोलीस पाटलाला!"

मुश्ताकचा चेहरा पांढराफटक पडला. शेठ दगडाजवळच्या ओंडक्यावर मटकन बसले. पुतण्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, पण ते मला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

माझा संताप अनावर झाला. "गप्प बसा!" मी ओरडलो. "एक शिकलेला आणि एक जमीनवाला, दोघांच्या मिळून अकलेत चिमणीचं पोट भरायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची एवढी घाई? ही या पोराने लिहिलेली पावती. मराठी तुमच्याइतकंच वाचतो तो. मराठी दगड कुठून वाचायचा हे त्याला कळत नाही?"

"मग नाव पुसायला दुसरं कोण..."

"नाव पुसायचंच नव्हतं! बघा तरी. छिन्नी सावकाश चालवलीय, कडा घासून गोल केल्यात, शेजारच्या अक्षराला ओरखडासुद्धा नाही. घाईत अर्धवट टाकलेलं काम असं दिसत नाही. एकच अक्षर काढायचं होतं, ते काढलं आणि काम संपलं. आता मला सांगा, 'ल'ने कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

मी गद्र्यांकडे वळलो.

"प्रोफेसर, मंगळवारी तुम्ही मजुरांना काय शिकवलंत? मला सांगितलंत ते पुन्हा सांगा."

"कै. म्हणजे कैलासवासी," गद्रे चाचरत म्हणाले. "माणूस वारला असेल तर ते आरंभी..."

"आरंभी! म्हणजे दगडावरचं पहिलं अक्षर माणूस मेला असं सांगतं. कुणालातरी ते नको होतं. बाकी नाव हवं होतं, एवढं एक नको होतं. पण त्या माणसाला वाचता येत नाही, आणि लिहिलेलं उजवीकडून सुरू होतं असं त्याने कुठेतरी ऐकलंय. त्यामुळे पहिलं समजून त्याने शेवटचं काढलं." मी शेठकडे वळलो. "शेठ, तुमच्या पडावांवर नाव कुठल्या लिपीत असतं?"

"उर्दूत," शेठ हळूच म्हणाले.

"तांडेलाला ते वाचता यायचं?"

"नाही. पण उजवीकडून वाचायचं एवढं माहीत होतं. त्याला त्याचा मोठा अभिमान! सगळ्यांना सांगायचा."

"घरीही सांगितलं असेल," मी म्हटलं. "आता सगळ्यांनी इथेच थांबा. मला एकच प्रश्न विचारायचाय, आणि तो या तिघांपैकी कुणालाही नाही."

५

राही बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. पळून जायला तिला अर्धा तास मिळाला होता. गेली नव्हती.

"दगड बसवायच्या चुन्यात तू गूळ घातला नाहीस," मी म्हटलं. "म्हणून दगड हाताने सुटून आला. ढेप आड्यावर आहे. बरोबर?"

"व्हय."

"सगळे जेवायला गेल्यावर गोणपाटावर घालून इथवर ओढलास, आणि वाळू झाडलीस."

"व्हय."

"मग आता नाव सांग. इमारतीला नाव कुणाचं?"

ती खाली बघत राहिली.

"इथला प्रत्येक माणूस सकाळपासून ते नाव घेतोय. तू एकटी 'ही शाळा' म्हणतेस. तुझ्या गावाजवळचं देवस्थान, त्या देवाचं नाव अख्खा मुलूख घेतो. हरेश्वर! तू मात्र दक्षिणेची काशी म्हणालीस. बाई, माझ्या घरी एक आहे, ती छत्तीस वर्षं दत्ताला दत्त म्हणत नाही. मला इतर काही कळलं नाही तरी हे कळतं." माझा आवाज मला नको तितका चढला होता; मी तो खाली आणला. "नुसतं घ्यायचं नसेल तर उखाण्यात घ्या."

'तू'चं 'तुम्ही' कधी झालं ते माझं मलाच समजलं नाही.

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. दगडाकडे पाहिलं, मग दगडापलीकडे, जिथे खाडी समुद्राला मिळते तिकडे.

"दर्याच्या पाण्याला न्हाय अंत, न्हाय पार," ती म्हणाली, "हरेश्वरांचं नाव घेते, उघडं ठेवलंय दार."

विधवा उखाणा घेत नाही, हे तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं.

"या अल्ला," शेठ म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "मी दोनदा तुझ्या दारात आलो गं, बेटी. घरात कुणी नव्हतं."

"मी मागल्या दारानं वाडीत जायचे," राही म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मग मासळीवाल्यांनी सांगितलं, रेवदंड्याला त्यांच्या नावाची शाळा बांधतायत. म्हटलं, नाव लावतायत म्हंजे माणूस सापडला असंल. म्हणून आले. मंगळवारी मास्तर म्हणाले, पयलं अक्षर म्हंजे माणूस मेला." ती गद्र्यांकडे वळली. "तुम्ही बघितलात मेलेला? न्हाय बघितलात ना? मग दगडावर कसं लिवलंत? कागद फाटतो. दगडावर लिवलं म्हंजे कायमचं. मग मी हे कुंकू कुणाच्या नावानं लावायचं? उजव्या हातच्या बांगड्या मी दर्याला लग्नातच दिल्यात. आता डाव्या हातच्या बी तुम्ही मागता काय?"

भागोजी पुढे आला. "साहेब, मंगळवारी हिनं मला विचारलं व्हतं, एखादं अक्षर काढता येतं का म्हणून. मी म्हटलं, कुठलं? तर हिला दाखवता येईना. मी हसलो."

"एकच काढलं," राही म्हणाली. "बाकीच्याला धक्का लावला न्हाय. परत बसवायचा व्हता, पण एकटीला उचलंना. तवर माणसं जेवून आली, म्हणून हौदात लोटला." मग तिने घाबरत विचारलं, "चुकलं काय? पयलं न्हाय ते?"

मी तिचा हात धरून तिचं बोट दगडाच्या डाव्या टोकाला लावलं. "पहिलं हे," मी म्हटलं. "आपल्यात इथून सुरू होतं. तुम्ही काढलंत ते तुमच्या तांडेलाचं शेवटचं."

ती दगडाशी खाली बसली आणि त्या खरवडलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवू लागली. मी तीस वर्षांत कोर्टात पुष्कळ रडणं ऐकलंय. ती रडली नाही, आणि तेच मला बघवेना.

६

इथे संपायला हवं होतं की नाही? पण विद्यापीठ नावाची वस्तू कधी कुठे संपते?

"भागोजी, 'कै.' काढून टाक," शेठ म्हणाले. "मी लिहून दिलं त्यात ते नव्हतंच. मला वाटलं, शिकलेल्यांची रीत असेल."

"काढता येणार नाही," गद्रे म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"नियम आहे. हयात माणसाचं नाव इमारतीला देता येत नाही. कै. काढलं तर नावच काढावं लागेल."

म्हणजे बघा. तो मेला म्हणावं तर बाईचं कुंकू जातं, आणि जिवंत म्हणावं तर त्याचं नाव जातं. माझं कपाळ ठणकायला लागलं.

"प्रोफेसर, ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मेला म्हणायला कायद्याला सात वर्षं लागतात. तुम्ही दोन वर्षांतच कैलासाला पाठवलात! उद्या तो होडीतून उतरला तर त्याला दगड दाखवून परत पाठवणार आहात? तो नियम वाचा, पूर्ण वाचा. वाचता येतं ना?"

गद्र्यांनी चष्मा लावून वही काढली. "'हयात व्यक्तीचे नाव इमारतीस देता येणार नाही... देणगीदार खेरीज करून.'"

"देणगीदार खेरीज करून!" मी जवळजवळ नाचलो. "शेठ, तुमच्या मशिदीत, आमच्या देवळात, एकाची देणगी दुसऱ्याच्या हाताने येते तेव्हा काय लिहितात?"

शेठच्या लगेच लक्षात आलं. मुश्ताककडून कागद घेऊन त्यांनी सांगितलं, आणि मुश्ताकने सुबक अक्षरात लिहिलं: देणगीदार हरेश्वर तांडेल, हस्ते सिराजुद्दीन. सही करून शेठ म्हणाले, "जान त्याने दिली. त्यानंतरचा पैसा माझा कसा? त्याचाच आहे."

भागोजीने शुक्रवारी दिवसभर खपून 'कै.' घासून काढलं आणि 'ल' त्याच खोलगट जागेत नव्याने कोरला. राहीने चुना मळला, दुप्पट गूळ घालून. शनिवारी व्हाइस चॅन्सेलर साहेबांनी विचारलं, "सुरुवातीला ही जागा रिकामी का?" गद्रे म्हणाले, "समुद्राची हवा, साहेब." त्या दिवसापासून मला तो माणूस जरा आवडू लागला. धर्माशेटना मात्र त्या दिवशीही मटण मिळालं नाही.

राहीला शेठनी पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत. इमारतीत झाडलोटीचं काम मागितलं, ते मिळालं.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण १९३७च्या अखेरीस विद्यापीठाचं एक पत्र आलं. गद्रे बदलून गेले होते. कुणी नवा उत्साही चिटणीस होता. 'सदर इसम बेपत्ता झाल्यास सात वर्षे पूर्ण झाली आहेत. आपणच दाखवलेल्या कायद्यानुसार दगडावरील रिकाम्या जागी कै. कोरण्यास हरकत नसावी. कळवावे.' म्हणजे माझीच काठी आणि माझंच टाळकं! दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "असे धुमसताय कशाला? जाऊन बघून या एकदा."

गेलो. राहीचे केस कानाशी पांढरे झाले होते. कुंकू तेवढंच ठसठशीत होतं. ती ओल्या फडक्याने दगड पुसत होती. मला पाहून हसली, आणि न विचारताच, वर्गातल्या मुलीसारखी, डाव्या टोकापासून बोट ठेवत गेली. रिकाम्या जागेवर थांबली. "हितून सुरू होतं," म्हणाली. "हितं काय न्हाय." मग पुढची अक्षरं एकेक करून नुसत्या बोटाने वाचली. नाव तोंडाने घेतलं नाही.

मी तिला पत्राबद्दल काही सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आलो, टाक घेतला आणि उत्तर लिहिलं.

'सदर इसम हयात असल्याबद्दल एक साक्षीदार तपासली. मी तीस वर्षे साक्षी ऐकल्या आहेत. हिची साक्ष मला खरी वाटते. जागा रिकामी ठेवावी.'

मग तिकीट लावलं आणि पत्र स्वतः जाऊन पेटीत टाकून आलो.